घडवंचीवरचा माठ

१

व्यंकटरावांच्या घरातले देव चोरीला गेल्याची खबर सोनपेठच्या ठाण्यात आली ती चोराच्या बायकोकडून. निदान ढालेवाडी, म्हणजे त्यांचं गाव, तिला चोराची बायको म्हणत होतं.

धुरपताबाई तिचं नाव. उन्हातून चालत आली आणि ठाण्याच्या पायरीखाली उभी राहिली. वर सावलीत ये म्हटलं, तर आली नाही. आमचा मुलूख हैदराबादेतून मुंबई राज्यात आला त्याला तेव्हा दुसरा उन्हाळा होता. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, असा कागद ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलेला होता. ती त्याच भिंतीच्या उन्हाच्या अंगाला उभी होती.

तिनं सांगितलं ते असं. रामनवमीच्या आदल्या दिवशी भर दुपारी व्यंकटरावांच्या देवघरातले चांदीचे टाक गेले. त्यांचा धाकटा भाऊ बन्सीधर यानं तिच्या नवऱ्याला, लिंबाजीला, देवघरातून निघताना पाहिलं म्हणे. गावानं पंच बसवले. लिंबाजीची झोपडी खणून काढली, तिथं काही सापडलं नाही. तरी निवाडा झाला. देव परत द्या, नाहीतर येत्या बाजाराच्या आत सगळ्या मांगवाड्यानं गाव सोडायचं. तोवर त्यांना काम नाही, दुकानातून मीठ नाही, गिरणीत दळण नाही.

मी विचारलं, गावानं ठाण्यात फिर्याद का दिली नाही.

"फिर्याद दिली तर तुमी चवकशी करताल," ती म्हणाली. "त्यायला चवकशी कुठं पाहिजे? त्यायला गाव मोकळं पाहिजे."

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. मांगवाड्याच्या मागच्या कुडाला कोणीतरी पऱ्हाट्यांचे भारे आणून लावत होतं. रोज थोडे थोडे. वाळून कडकडीत झालेले.

"आमच्या न्हाईत त्या पऱ्हाट्या, जमादार," ती म्हणाली. "आमच्याकडं कापसाचं रान कुठं हाय?"

२

फौजदार परभणीला गेले होते. मी एकटाच निघालो. मला घरी थांबवणारं कोणी नव्हतं. माझी बायको सुगंधा माघात तापानं गेली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. घर होतं तिथंच आहे, ती नाही.

ढालेवाडीच्या पारावर माणसं बसली होती. कोणी राम राम घातला नाही.

व्यंकटराव म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जमीन. त्यांनी ओसरीवर घोंगडी टाकून दिली. मी हटकर, मेंढरं राखणाऱ्या घरातला. ओसरीपर्यंत मला मोकळीक होती. बन्सीधरनं आतून पाण्याचा तांब्या आणला. पाणी इतकं गार होतं की दातांना लागलं. सुगंधा गेल्यापासून असं पाणी मी प्यालो नव्हतो. मी आणखी एक तांब्या मागून घेतला.

बन्सीधरची जबानी तोंडपाठ होती. तो दुपारी माजघरात पडला होता. पाऊल वाजलं म्हणून डोळे उघडले, तर लिंबाजी काखेत गठुडं मारून देवघरातून निघालेला.

"उंबऱ्याला ठेचकाळला," तो म्हणाला, "अन् घडवंचीवरच्या माठाला हात टेकून सावरला. माठ हालला, पाणी सांडलं. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. बोंब मारली तवर मागल्या दारानं पळाला."

बन्सीधरला मी ओळखत होतो. सोनपेठला पत्त्यांच्या डावात तो बसलेला असायचा. हरणाऱ्या माणसाला घरातली चांदी जवळची वाटते. त्याचं नाव मी मनात एका बाजूला ठेवलं.

मग मी देवघर पाहायला मागितलं. व्यंकटरावांची आई मनकर्णाबाई मधे उभी राहिली. सोवळ्याची म्हणून ती बाई पंचक्रोशीत माहीत होती. तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याला सुनेनंसुद्धा हात लावायचा नाही. देव तर तिच्याशिवाय कोणीच हलवायचे नाहीत, दोन्ही लेकांनीही नाही. तिनं मला दाराबाहेरूनच दाखवलं. मागलं दार, सैपाकघर, मग लाकडी घडवंची. घडवंचीवर मोठा काळा माठ होता, त्याच्या बुडाला हिरवं शेवाळ धरलेलं. त्याच्या पलीकडे देवघर. देव्हारा रिकामा, पण झाडून पुसून लख्ख.

मला वाटलं होतं म्हातारी रडेल. ती रडली नाही.

"रझाकारीत सुदीक माझे देव घर सोडून गेले न्हाईत," ती म्हणाली. "पेवात ठिवले व्हते, जवारीच्या पोटात."

"ते जुनं ऱ्हाऊ दे, माय," व्यंकटराव मधेच बोलले.

ते मला घाईनं अंगणात घेऊन आले. हनुमान जयंतीला याच अंगणात सगळ्या पंचांना जेवण घातलं आणि जेवता जेवता निवाडा झाला, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. अंगणाच्या कोपऱ्यात पेवाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या भुयाराच्या, तोंडावरची शिळा होती. तिच्यावर कण्हेरीची ताजी फुलं, आणि गुळाच्या खड्याला लागलेल्या मुंग्या. मी विचारलं तर म्हणाले, पेव कधीचं मोकळं आहे. मला वाटलं, धार्मिक घर.

विहिरीवरचा पोहरा मात्र डोळ्यात भरला. एवढ्या मोठ्या घराच्या पोहऱ्याला गाठी मारून पुरवलेला दोर, आणि तोही आखूड.

"मांगानं बलुत्याचा दोर देणं बंद केलं," व्यंकटराव म्हणाले. "म्हणतो, बाजारात येऊन इकत घ्या. त्याचं बघून सगळा मांगवाडा तसाच करायलाय. माझ्या बापाला कवा दोर इकत घ्यावा लागला न्हाई, मी बी घेनार न्हाई."

निघताना ते माझ्याबरोबर वेशीपर्यंत आले. आवाज अगदी मऊ होता.

"परवा बाजार हाय, जमादार. परवा गाव मोकळं व्हईल. तुमी कशाला उन्हात हिंडायलात?"

३

लिंबाजी झोपडीपुढं बसून अंबाडीचा वाख पिळत होता. गिऱ्हाईक नसताना दोर कशाला वळतोस, असं मी विचारलं. हात रिकामा राहिला की डोकं फिरतं, म्हणाला.

त्याच्यामागं खुंट्यांना दोरांची वेटोळी टांगलेली होती. सौंदर, दावी, कासरे. चांगला पीळ, कुठं गाठ नाही. पूर्वी हे सगळं वर्षाच्या मूठभर जोंधळ्यावर गावाला जायचं, आणि वर बोलावतील तेव्हा फुकट राबायला जायचं. त्यानं दोन वर्षं सोनपेठच्या बाजारात माल नेला. त्याच्या मागोमाग बाकीचे गेले. पोरांच्या अंगावर कपडे आले. मांगवाड्यात पहिल्यांदाच कोणी वाण्याकडून उधार न घेता तेल आणलं. आता हा आळ आल्यापासून बाजारात माणसं दोराला हात लावून सोडून देत होती.

"दोर तोच हाय, साहेब," लिंबाजी म्हणाला. "आधी तान देऊन बघायचे, दात लावून बघायचे. आता इचारतेत, कोन्या गावचा? ढालेवाडी म्हनलं की खाली टाकतेत. देवचोराचा दोर बैलाला नको म्हनतेत."

त्या दुपारी तो ओढ्यावर वाख भिजवत होता. साक्षीला बायको होती आणि मांगवाड्यातली दोन म्हातारी माणसं. त्यांची साक्ष पंचांनी ऐकूनच घेतली नव्हती.

"त्यायच्या घरात मी शिरलो म्हनतेत. देवघर कोन्या अंगाला हाय ते मला ठाव न्हाई. माझ्या बापाला बी ठाव नव्हतं. आमी अंगनाच्या कडंला उभं ऱ्हायचं, दोर भुईवर ठिवायचा, मागं सरायचं. मग त्यायनी उचलायचा."

तिथून मी सटवाजीकडं गेलो. पालमकडचा हा मेंढपाळ व्यंकटरावांच्या रानात मेंढरं बसवत होता. परका माणूस, म्हणून मला त्याचाही संशय होताच. तो माझ्या भावकीतला निघाला आणि मोकळं बोलला.

"आधी माझंच नाव घेनार व्हते," तो हसत म्हणाला. "पर मला हाकललं तर रानाला लेंड्या कोन देईल, तुमचे फौजदार?"

मग हसणं गेलं. मेंढरांभोवती लावायची वाघूर, म्हणजे दोराची जाळी, त्यानं लिंबाजीकडून वळून घेतली होती. ती तयार होऊन मांगवाड्यात पडली होती. त्याची जुनी वाघूर फाटलेली होती आणि लांडग्यानं दोन कोकरं नेली होती. नवी आणली तर या रानात मेंढरं बसू देणार नाहीत, असं त्याला बजावलं होतं.

परत फिरताना मी खळ्यांवरून आलो. हरभरा पडून होता. मळणीला माणसं नव्हती, कारण मळणीची माणसं मांगवाड्यातली. एका खळ्यावर बैल चिंध्यांच्या दाव्यांनी बांधलेले होते. मांगवाड्याला हाकलण्याच्या पायी गाव स्वतःचंही नुकसान करून घेत होतं, आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

मांगवाड्याच्या मागं गेलो. धुरपताबाईनं फक्त मागचा कूड म्हटला होता. पऱ्हाट्यांचे भारे आता तिन्ही बाजूंना होते. पेटती एक काडी पुरे होती.

४

दिवस मावळायला सोनपेठला घरी आलो. दाराला कुलूप. कुलूप काढायची मला अजून सवय झाली नव्हती.

लिंबाजीनं चोरी केली नाही, असं माझं मन सांगत होतं. पण मनाला पंच मानत नाहीत. बन्सीधरनं चांदी विकली म्हणावं, तर बाजारातल्या सोनाराकडे मी येतानाच चौकशी केली होती. त्यानं ढालेवाडीची चांदी पाहिली नव्हती. शिवाय पत्त्यांत हरलेला माणूस आईच्या देवांना हात घालेल, पण ती आई डोळ्यातून टिपूस न काढता बसेल का?

तहान लागली होती. मी माठातून पाणी घेतलं. कोमट, आणि तोंडात मातीची चव. मला राग आला. दुपारचं ते गार पाणी आठवलं.

असं पाणी आमच्याकडंही होतं. सुगंधाचा माठ जुना होता, शेवाळ धरलेला. ती कोणाला घासू द्यायची नाही. सुतक फिटलं त्या दिवशी भाऊबंदांनी घरातली सगळी मातीची भांडी बाहेर नेऊन फोडली. तांब्या-पितळेची चिंच-राखेनं घासून घेतली. मातीचं भांडं विटाळलं की घासून शुद्ध होत नाही, फोडावंच लागतं. मी त्यांना म्हटलं होतं, तो एक माठ राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. आमच्यासारख्या साध्या घरातही ऐकलं नाही.

तांब्या हातात तसाच राहिला.

मनकर्णाबाईच्या घडवंचीवरचा माठ शेवाळ धरलेला होता.

५

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मी पंचांना व्यंकटरावांच्या अंगणात बोलावलं. ते आनंदानं आले. त्यांना वाटलं मी लिंबाजीला न्यायला आलो. त्याला मी अंगणाबाहेर उभं केलं होतं, त्याच्यामागं मांगवाड्यातली माणसं. वेशीकडून आणखी काही लोक आले. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या.

मी पाणी मागितलं. पंचांनाही द्या म्हणालो. सगळे प्याले.

"माय," मी मनकर्णाबाईला म्हणालो, "लय गार पानी देतो तुमचा माठ. नवा दिसत न्हाई."

"नवा कशानं?" ती दारातून म्हणाली. आवाजात कौतुक होतं. "गेल्या सालच्या शिमग्याचा हाय. असं पानी गावात दुसरीकडं न्हाई."

"रामनवमीच्या आदल्या दिवशी घडवंचीवर हाच व्हता?"

"हाच." आणि तिचा हात चौकटीवर थांबला. तिला कळलं. बाकी कोणाला अजून कळलं नव्हतं.

मी बन्सीधरला त्याची जबानी पंचांपुढं पुन्हा सांगायला लावली. तो ठेचकाळण्यापाशी आला, माठाला हात टेकण्यापाशी आला, आणि भावाकडं बघायला लागला. मी म्हणालो, पुढं सांग. पाणी सांडलं, असं तो हळू आवाजात म्हणाला.

मग मी पंचांकडं वळलो. त्यांना एवढंच विचारलं, की हनुमान जयंतीला तुम्ही या घरी जेवलात तेव्हा पाणी कुठल्या माठातलं प्यालात, आणि आता हातातल्या तांब्यात कुठलं आहे.

"दोनच गोष्टी व्हऊ शकतेत," मी म्हणालो. "लिंबाजीचा हात लागलेल्या माठाचं पानी मायनं तुमाला पाजलं. न्हाईतर बन्सीधर खोटं बोलायलाय. तिसरी असंल तर मला सांगा."

एका पंचानं तांब्या खाली ठेवला. दुसरा अंगणाच्या कडेला जाऊन थुंकला. लिंबाजीच्या बाजूनं मी काहीच मागितलं नव्हतं. मी फक्त त्या बाईला तिच्या सोवळ्याबद्दल विचारलं होतं.

व्यंकटरावांनी तिला डोळ्यांनी खूण केली. तिनं ती पाहिली आणि मान फिरवली.

"माझ्या माठाला मांगाचा हात लागलेला न्हाई," ती म्हणाली. "माझ्या घरात कवाच मांग शिरलेला न्हाई. देवाची आन."

बन्सीधर होता तिथं खाली बसला.

व्यंकटराव म्हणाले, मग दुसरं कोणी नेले असतील देव. मी म्हणालो, या देवांना हात लावू शकतं असं या घरात एकच माणूस आहे. ते माणूस देवांना हलवेल, पण उपाशी ठेवणार नाही. मी कोपऱ्यातल्या शिळेकडं बोट केलं. कालची फुलं सुकली होती. त्यांच्यावर आजची ताजी होती, आणि गुळाचा नवा खडा.

"उघडा," मी म्हणालो.

६

बेत व्यंकटरावांचा होता. देव आईनं काढायचे, तांब्याच्या घागरीत घालून पेवात सोडायचे, आळ लिंबाजीवर घ्यायचा. मांगवाडा उठला की देव सापडले म्हणायचं. गेलेल्यांच्या जागी कोणी आले तर ते पुन्हा बलुत्यावर राबतील. हे नंतर बन्सीधरनं सांगितलं. पण घागर सोडताना विहिरीचा गाठीगाठीचा दोर मधेच तुटला. घागर तळाला गेली. तेव्हापासून देव खालीच होते आणि ते वर कसे काढायचे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

शिळा सरकवली तसा आंबूस, कोंदट वास वर आला. कंदील बांधून खाली सोडला. थोडा उतरला आणि विझला. पेवातली वाफ माणूस मारते, हे सगळ्यांना माहीत होतं. मी व्यंकटरावांकडं पाहिलं. त्यांनी बन्सीधरकडं पाहिलं. तो दोन पावलं मागं गेला.

अंगणाबाहेरून लिंबाजी म्हणाला, "मी उतरतो. पर दोर माझा, अन् वर धरनारी मान्सं माझी."

पंच एकमेकांकडं बघत राहिले. हो कोणी म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. मांगवाड्याची माणसं अंगणात आली. बहुतेकांनी ते अंगण आतून पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यांनी कडुलिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून पेवात बराच वेळ खालीवर केले, हवा ढवळून काढली. कंदील पुन्हा सोडला. मिणमिणत राहिला. लिंबाजीनं कमरेला दोर बांधला आणि उतरला.

धुरपताबाई शिळेपाशी उभी होती. दोर हळूहळू सरकत होता. मग थांबला. वरून हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. काठ्या घेऊन आलेली माणसंही जवळ येऊन वाकली होती. धुरपताबाईनं पुढच्या माणसाच्या हातातून दोर ओढून घेतला आणि स्वतःच खेचायला लागली. तेवढ्यात खालून दोराला हिसका आला.

लिंबाजी वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते आणि श्वास पुरत नव्हता. घागर पोटाशी धरलेली. तो बसला, खोकला, मग घागर भुईवर ठेवली आणि मागं सरकला. सवयीनं सरकला. मनकर्णाबाई आली, वरून घागरीवर पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, आणि मगच टाकांना हात लावला. लिंबाजीकडं तिनं पाहिलं नाही.

मी ओसरीवर पंचनामा लिहायला बसलो. धमकी, बहिष्कार, नव्या कायद्याचं कलम. पंचांना अंगठा मागितला. देव मिळाले, आता कशाला वाढवता, असं म्हणत ते एकेक करून उठले. मी त्यांना सांगितलं, तुमच्या अंगठ्यावाचून माझं अडत नाही, आत घडवंचीवर जो माठ आहे तोच माझी साक्ष आहे. तो मी ठाण्यात नेणार होतो.

व्यंकटराव अंगणात लिंबाजीला म्हणत होते, एवढा दोर विहिरीला राहू दे, बाबा.

"बाजारात या, मालक," लिंबाजी म्हणाला, आणि वेटोळं खांद्यावर टाकलं.

तेवढ्यात मागल्या दाराशी आवाज झाला. मी धावत गेलो. मनकर्णाबाई उकिरड्याजवळ उभी होती. शेवाळलेल्या खापऱ्या पडल्या होत्या आणि पाणी धुळीत जिरत होतं. मी काय केलंस म्हणून विचारलं, तर ती माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशी बघायला लागली. एवढे मांग अंगणात येऊन गेले, घरभर वारा फिरला, आता तो माठ कसा ठेवायचा, म्हणाली.

लिंबाजी बाहेरच्या बाजूनं येऊन कुंपणापाशी थांबला होता. खापऱ्यांकडं बघत राहिला.

"मी चोर व्हतो तवर साबूत व्हता," तो म्हणाला.

मग बायकोला चल म्हणाला. मी त्यांच्यामागून मांगवाड्यापर्यंत गेलो. पऱ्हाट्यांचे भारे तिन्ही कुडांना तसेच टेकलेले होते. ते न्यायला कोणी आलं नव्हतं. मी ठाण्याला निरोप धाडला आणि त्या भाऱ्यांपाशी घोंगडी टाकून बसलो.